साहेबाची उरलेली बिअर आणि न पिणारे आम्ही तिघे

भिकाशेठच्या काळ्या टोपीवरून बिअर ठिबकत होती.

"सदाशिवराव," टोपी न काढताच ते मला म्हणाले, "तुमची शपथ मोडली का हो? तोंड मिटलेलं होतं ना?"

मिटलेलं होतं. थोडी नाकात गेली होती, पण शपथेत नाकाचा उल्लेख नाही.

छताला फेस होता. गणपतीच्या तसबिरीला फेस होता. दाराशी उभ्या असलेल्या इस्माईलचाचांच्या पांढऱ्या दाढीलाही फेस होता, आणि ते दोन्ही हात अंगापासून लांब धरून उभे होते. पुसायची तर हाताला लागणार, न पुसायची तर दाढीला राहणार.

"चाचा, पाणी घ्या," मी म्हणालो.

"पानी बाद में. आधी सांग, ती मेली का जिती हाय?"

बाटलीच्या तळाशी बोटभर काहीतरी पिवळं उरलं होतं. त्यात एकही बुडबुडा नव्हता.

"मेली," मी म्हणालो.

"मग मी बी मेलो," चाचा म्हणाले आणि आमच्या रिकाम्या खोक्यावर बसले.

मी नाशकातल्या एका सोडावॉटरच्या कारखान्यात मशीनवर आहे आणि दारूबंदी मंडळासाठी पत्रकं लिहितो. दोन्ही कामांत नुसता गॅस लागतो, असं भिकाशेठ म्हणतात. भिकाशेठ कारखान्याचे मालक. त्यांच्या गळ्यात तुळशीची माळ आहे, म्हणून ते स्वतः थेंबाला शिवत नाहीत. पण पिणाऱ्याला सोडा लागतो आणि तो आमचा लागतो, म्हणून माझ्या पत्रकांनी त्यांच्या पोटात दुखतं. "तू सगळ्यांची सोडवलीस, की सोडा कोणाला विकू? काळारामाच्या पुजाऱ्याला?" हा त्यांचा ठरलेला प्रश्न. त्याला माझ्याकडे ठरलेलं उत्तर आहे. ते चार पानी आहे, म्हणून इथे देत नाही.

इस्माईलचाचा देवळाली कॅम्पात एका निवृत्त इंग्रज इंजिनियराचे खानसामा. या साहेबानं उभी नोकरी पाटबंधाऱ्यांत काढली. जन्मभर पाणी अडवून त्याला पाण्याचा वीट आला असावा. रविवारी त्याच्या बंगल्यावर मेजवानी झाली, आणि त्यासाठी त्यानं बिअरचं पिंप मागवलं. बिअर दोन तऱ्हांची मिळते. एक बाटलीतली, ती बूच उघडेपर्यंत ताजी. दुसरी पिंपातली, ती तोटी सोडून थेट पेल्यात घ्यायची. साहेब लोकांना दुसरीचं भारी कौतुक. पण ती एकदा सुरू केली की संपवावी लागते, नाहीतर चार-पाच दिवसांत तिचा जीव जातो. फेस राहत नाही, चव आंबते. रविवारच्या पाहुण्यांनी निम्मं पिंप संपवलं आणि ते व्हिस्कीवर गेले. निम्मं उरलं.

सोमवारी साहेब दात काढायला मुंबईस गेला. जाताना चाचांना सांगून गेला, की येत्या रविवारी पुण्याहून त्याचा जुना दोस्त येणार आहे आणि त्याला हीच बिअर द्यायची आहे, जिवंत. मागच्या हिवाळ्यात असंच अर्धं पिंप आंबलं होतं. तेव्हा साहेबानं बोट नाचवून बजावलं होतं, की पुन्हा असं झालं तर बिस्तरा उचलायचा.

"बिस्तरा म्हंजे नुसती नोकरी नाय, सदाशिवभाऊ," चाचा मला समजावत होते. "बंगल्याच्या मागची खोली बी त्याचीच. माझी बुढी तिथं हाय. तिचे गुडघे गेले. तिला घेऊन या उमरमध्ये मी कुठं जाऊ?"

"साहेबाला सांगा, नवीन पिंप मागव म्हणून."

"घरात असताना नवीन? तो माणूस चहाची पत्ती दोनदा उकळायला लावतो."

"मग ओतून द्या गटारात आणि सांगा, गळून गेली."

चाचांनी माझ्याकडे असं पाहिलं, की ते पाहणं पत्रक लिहिताना मला पुष्कळदा आठवेल. "तू वाचलेला माणूस. तुझं तोंड लय साफ चालतं," ते म्हणाले. "मी छत्तीस साल साहेबलोकांच्या घरी हाय. झूठ बोललो तर माझं तोंडच सांगतं."

भिकाशेठ टोपी पिळत म्हणाले, "सदू, काम घे. दारू पिणार नाही अशी शपथ आहे तुझी. भरणार नाही अशी नाही."

मी काम घेतलं. जो इंग्रज म्हाताऱ्या नोकराला बुडबुड्यांच्या जामिनावर ठेवतो, त्याच्या बिअरशी मला कर्तव्य नव्हतं. पण ती मेली तर चाचा रस्त्यावर येणार होते. तेव्हा ती जगवायची. एवढा साधा हिशोब होता, आणि त्यात साहेबाला मनातल्या मनात जे बोलायचं ते बोलायला मी मोकळा होतो. बोललोही.

आता पहिल्या बाटलीचं काय झालं ते सांगतो.

बुधवारी चाचांनी नमुन्याला दुधाच्या बरणीत थोडी बिअर आणली होती. आम्ही ती सोड्यासारखी भरली. सोडा म्हणजे दुसरं काही नाही, पाण्यात जबरदस्तीनं कोंबलेला कार्बानिक गॅस. गॅस लोखंडी सिलिंडरातून येतो. गोळीची बाटली पाण्यानं भरून मशीनच्या पिंजऱ्यात बसवायची, गॅस सोडायचा आणि चाक फिरवून पिंजरा गदागदा हलवायचा. जितकं हलवाल तितका गॅस पाण्यात मुरतो. मग बाटली उलटी होते, आतली काचेची गोळी गळ्यातल्या रबरावर येऊन बसते आणि आतल्या गॅसचा दाबच तिला तिथे धरून ठेवतो. सोडेवाल्याच्या हाताला हलवायची सवय इतकी असते, की मी घरी दूधही हलवून पितो.

बिअर हलवायची नसते. पाण्यातला फेस लगेच मोडतो, बिअरचा मोडत नाही, तो चढत जातो. आम्ही पिंजरा भरपूर फिरवला. भिकाशेठनी स्वतः जोर लावला. मग त्यांनी अंगठ्यानं गोळी दाबली, आणि बाटलीतलं सगळं बाहेर आलं. दुनियेत ही चूक फक्त सोडेवाला करू शकतो. पिणाऱ्यानं केली नसती.

रात्रभर मी विचार केला, असं लिहिलं तर बरं दिसेल. खरं तर जेवायला बसलो तेव्हाच सुचलं. ताक गार होतं. गार सोड्यात गॅस टिकतो, उन्हातली बाटली उघडली की भसकन जातो, हे आम्हाला रोजचं माहीत. मग बिअर गार करायची, अजिबात हलवायची नाही आणि गॅस वरून हळू सोडायचा, की तिची तिनं प्यावा. तिला प्यायला सांगणारा मी पहिलाच दारूबंदीवाला असेन.

दुसऱ्या दिवशी टांग्यात सिलिंडर, रबराची नळी, बाटल्यांचं खोकं आणि एका वेळी एकच बाटली भरणारं हातयंत्र घातलं. हे खोकं आणि हे यंत्र आम्ही जत्रेला नेतो. त्याला पिंजरा नाही. वाटेत नाशिकरोड स्टेशनावर मुंबईचा बर्फ घेतला. तो लाकडाच्या भुशात आणि पोत्यात गुंडाळून येतो. बर्फ बघून टांगेवाला म्हणाला, "कुणी गेलं का बंगल्यावर?" मी म्हटलं, अजून नाही, जाऊ नये म्हणूनच खटपट चालली आहे.

पिंप बंगल्याच्या मागच्या मोरीत आडवं ठेवलेलं होतं. खाली तोटी. वर पोटाला एक भोक, त्यात लाकडी खुंटी असते. बिअर काढताना खुंटी सैल करावी लागते, नाहीतर तोटीतून धार पडत नाही. सैल केली की वरून हवा आत जाते. हवा गेली की आतला गॅस निघतो आणि बिअर आंबायला लागते. पाहुण्यांनी रविवारी खुंटी काढून कुठेतरी भिरकावली होती. चाचांनी भोकात साहेबाचा मोजा कोंबला होता.

"धुतलेला हाय," ते घाईघाईनं म्हणाले.

"साहेबाचं साहेबाला," मी म्हणालो.

पिंपाभोवती ओली पोती आणि बर्फ लावला. मोजा काढला, भोकातून नळी आत सोडली आणि गॅस इतका हळू सोडला, की नुसती कुजबुज ऐकू येत होती. हा गॅस हवेपेक्षा जड असतो. तो बिअरवर गोधडीसारखा पसरतो आणि हवेला वरून हुसकावतो. मग नवी खुंटी ठोकली, वर मेण लावलं आणि सगळ्यांना बजावलं, की पिंपाला हात लावायचा नाही, जवळून धावायचं नाही, मोरीत भांडी आपटायची नाहीत.

"खोकला आला तर?" चाचांच्या बायकोनं दारातून विचारलं.

"बाहेर जाऊन खोका, चाची."

पिंपातच रविवारपर्यंत ठेवलं असतं, पण लाकूड जुनं. गॅस कुठून ना कुठून निघून जाणार. म्हणून दुसऱ्या दिवशी बाटल्यांत भरायचं ठरवलं. पिंप इतकं गार होतं, की हात लावला तर हात मागे यावा. तोटीला नळी जोडली, नळीचं टोक बाटलीच्या तळाला टेकवलं आणि बिअर भिंतीवरून उतरणाऱ्या मांजरासारखी आत सोडली. वर थोडी जागा ठेवली, तिथे हातयंत्रानं गॅस दिला, बाटली उलटी केली, गोळी बसली. बारा बाटल्या झाल्यावर थांबलो. एक तासभर बर्फात ठेवून उघडून बघितली. गोळी दाबल्यावर सुस्कारा आला. पेल्यात ओतली, तर वर पांढरा फेस चढला आणि उभा राहिला.

चाचांचा चेहरा उजळला. "जिंदा हाय!"

"दिसायला आहे," मी म्हणालो. "चवीला?"

मी चाचांकडे बघितलं, चाचांनी माझ्याकडे.

"मेरेको हराम," ते म्हणाले.

"मला शपथ."

भिकाशेठ काम बघायला टांगा करून आलेच होते. दोघांनीही त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी सदऱ्याच्या आतून माळ बाहेर काढून दाखवली आणि परत आत टाकली.

एवढ्या लांबून बर्फ आणला, गॅस आणला, आणि ती बिअर आहे की घोड्याला पाजायचं काही आहे, हे सांगू शकेल असं एकही तोंड आमच्यात नव्हतं. साहेबाच्या तोंडात पहिला घोट पडेपर्यंत कळणार नव्हतं, आणि तेव्हा कळून उपयोग नव्हता.

"तुमचे गणपतराव," भिकाशेठ म्हणाले.

गणपतराव म्हणजे आमच्या मंडळाचे पहिल्या क्रमांकाचे वक्ते. मूळचे सायखेड्याचे, आता नाशकात गुळाच्या वखारीत हमालांवर मुकादम. बारा वर्षं दारूत बुडालेला आणि एका सकाळी गोदावरीत स्नान करून कायमचा सुधारलेला माणूस. निफाड, सिन्नर, इगतपुरी, जिथे म्हणाल तिथे ते उभे राहून आपली कर्मकहाणी सांगायचे, आणि बाया पदर डोळ्यांना लावायच्या. त्यांच्या कहाणीचं पत्रक मीच लिहिलं होतं. ते आमचं सर्वांत जास्त खपलेलं पत्रक. सायखेड्यात मात्र ते कधी बोलले नाहीत. जुन्या लोकांसमोर लाज वाटते, म्हणायचे. मला त्याचा आदर वाटायचा.

"शक्य नाही," मी म्हणालो. "सुधारलेल्या माणसाच्या ओठाला मी पेला लावू? एक थेंब गेला, की तो परत गाळात. हे मी छापलंय."

"तुझ्या छापण्यावर इस्माईलभाईची खोली जाणार का?"

"थेंब नको. नुसतं ओठाला लावून थुंकू द्या," चाचा हात जोडून म्हणाले. "मी त्याच्यासाठी दुआ करीन."

आणि खोटं कशाला बोलू, चाचीचे गुडघे मला दारातून दिसत होते.

मी वखारीत गेलो. भीत भीत विचारलं. गणपतरावांनी क्षणभर डोळे मिटले आणि भाषणात लावतात तो आवाज लावून म्हणाले, "गरिबाची भाकर वाचत आसंल, तर मी पुन्हा त्या आगीत हात घालतो." मला भरून आलं. टांग्यात मी त्यांना सारखा धीर देत होतो. सोबत ताकाचा गडू घेतला होता. भिकाशेठना दाराशी उभं केलं होतं, गणपतराव पिंपाकडे धावले तर अडवायला.

गणपतरावांनी पेला घेतला. एक घोट घेतला. त्यांचं तोंड एरंडेल घेतल्यासारखं झालं, मग त्यांनी ते ओढूनताणून सरळ केलं.

"झकास," ते म्हणाले. "आगदी तीच. जुनी वळख पटली."

मी त्यांचं मनगट धरून होतो. "आणखी प्यावंसं वाटतंय? खरं सांगा."

"न्हाय."

"अजिबात?"

"ते ताक हाय का?" त्यांनी गडू उचलला आणि घटाघटा संपवला.

मी त्यांच्या मनोनिग्रहावर नवीन पत्रक लिहायचं मनात पक्कं करत होतो, तेवढ्यात चाचांनी पेला नाकाजवळ नेला. वास घ्यायला त्यांना बंदी नव्हती. एकदा हुंगला, परत हुंगला, आणि माझ्यासमोर धरला.

"सदाशिवभाऊ, यात गुलाब हाय."

मी हुंगलं. होता. लग्नात पिचकारीतून उडवतात तसा. आणि क्षणात माझ्या ध्यानात आलं. जत्रेच्या बाटल्या! जत्रेत गुलाबी सोडा सर्वांत जास्त खपतो. बाटली कितीही धुवा, गळ्यातलं रबर इसेन्स पिऊन बसलेलं असतं. सोड्यात आज लेमन, उद्या रोझ, कोणी तक्रार करत नाही. म्हणून रबराचा विचारच आमच्या मनात आला नव्हता.

"गणपतराव, तुम्हाला गुलाब लागला नाही?"

"लागला की."

"मग?"

"उंची बिअरला गुलाबच आसतो. हलक्या मालाला नसतो."

"कुठे प्यालात अशी?"

"लय ठिकानी."

"एक ठिकाण सांगा."

गणपतराव पिंपाकडे बघायला लागले. भिकाशेठ दारातून आत आले, कारण आता अडवण्यासारखं तिथे काही उरलं नव्हतं. ते अगदी गोड आवाजात म्हणाले, "गणपतराव, देवाशपथ सांगा. आयुष्यात कधी प्यालात का?"

"आत्ता प्यालो न्हाय का!"

"त्याआधी."

गणपतरावांनी ताकाचा रिकामा गडू उचलून आत बघितलं. बर्फ वितळत होता.

"न्हाय," गणपतराव म्हणाले.

मी काय काय बोललो ते इथे छापण्याजोगं नाही. थोडक्यात, बारा वर्षांच्या नरकवासाचं काय झालं, असं विचारलं.

"ते आसं झालं," ते खाली बसून म्हणाले. "निफाडला सभा होती. मी गुळाच्या गाडीबरोबर गेलेलो. तुमचे अध्यक्ष वरून वरडले, 'आहे का कोणी दारू सोडलेला? पुढं या, हार घालू.' कुणीच जाईना. मला वाईट वाटलं. येवढा मोठा मानूस हार घिऊन हुबा. मी गेलो."

"आणि बोललात कशाला?"

"हार घातल्यावर खाली बसू देतात का?"

"बायकोचं मंगळसूत्र गहाण टाकल्याचं सांगत होतात तुम्ही. लोक रडत होते!"

आता गणपतराव उसळले. "मंगळसूत्र माझं न्हाय! ते तुमचं! तुम्ही पत्रकात घातलं, मग लोक सभेत मागाया लागले. ती माझी लक्षुमी अंगावर समदे दागिने घालून गावात फिरती आन् लोकं तिला म्हनत्यात, 'आगं बाई, सोडवलं वाटतं!' म्हैनाभर माझ्याशी बोलली न्हाय ती. तुमच्यापायी!"

मंगळसूत्र मी घातलं होतं, यात शंका नाही. मंगळसूत्राशिवाय पत्रक खपत नाही. पण प्यालेल्या माणसाच्या कहाणीत मंगळसूत्र घालणं वेगळं आणि ताक पिणाऱ्याच्या कहाणीत घालणं वेगळं, हे मी त्यांना समजावू लागलो. भिकाशेठ भिंतीला टेकून हसत होते. त्यांची माळ हलत होती.

"भांडन नंतर करा," चाचा म्हणाले. त्यांचा आवाज चढला नव्हता, म्हणूनच आम्ही गप्प झालो. "ही गुलाबवाली बिअर साहबला दिली, तर तो मला विचारनार बी नाय. सरळ दरवाजा दाखवनार. उद्या शनिवार. सांगा, काय करायचं?"

मी पिंप वाजवून बघणार होतो, पण वाजवायचं नाही हे आठवून नुसतं वाकून बघितलं. आम्ही आलो तेव्हा होती त्यातली निम्म्याहून जास्त बिअर अजून पिंपात होती. बारा बाटल्या गेल्या तरी पाहुण्याला पुरेल एवढी.

त्या भरलेल्या बाटल्या मी स्वतः बंगल्यामागच्या नालीत ओतल्या. दारू गटारात ओता, असं मी आजवर शेकडो लोकांना सांगितलं, पण प्रत्यक्ष ओतायची ही पहिलीच वेळ. भाषणात वाटतं तेवढी मजा येत नाही. पाय चिकट होतात आणि माश्या येतात.

मग भिकाशेठची पाळी आली. त्यांनी कारखान्यात कोरी रबरं जपून ठेवली होती. ती द्यायला ते तयार होईनात. जुनी उकळून घे, राखेनं घास, चिंचेत टाक, असले उपाय सुचवत राहिले. मी म्हटलं, "शेठ, हा साहेब कॅम्पात बसतो. कॅम्पातले सगळे साहेब आपला सोडा घेतात. तुमच्या बाटलीतून बिअरला गुलाब लागला, हे क्लबात कळलं तर?"

रबरं संध्याकाळच्या आत निघाली. बाटल्याही अशा निवडल्या, की ज्यांत साध्या सोड्याखेरीज काही भरलेलं नाही. धुण्याच्या सोड्यात उकळल्या, उन्हात उपड्या ठेवल्या आणि चाचांकडून एकेक हुंगून घेतल्या. त्यांनी तीन बाजूला काढल्या. मला त्यांत काहीच वास आला नाही. मी वाद घातला नाही.

शनिवारी परत तेच सगळं केलं. गार, हळू, न हलवता. भरलेल्या बाटल्या चाचांनी भुसा आणि बर्फ घातलेल्या पेटीत आडव्या निजवल्या, बाळंतिणीच्या खोलीत वावरावं तशा हलक्या हातानं. एक बाटली उघडून बघितली. सुस्कारा होता, फेस होता, गुलाब नव्हता. चवीचं काय, ते आम्हाला माहीत नव्हतं. गणपतराव म्हणाले, हवं तर आणखी एकदा चाखतो. त्यांना ताक देऊन घरी पाठवलं.

रविवारचा दिवस मला कसा गेला ते विचारू नका. मंडळाची सभा होती. गणपतराव बोलायला उभे राहिले आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "मी बिअर सोता चाखलीया, बंधूंनो. आगदी परवा. आसं घान मी जल्मात पेलो न्हाय." सभेत त्यांच्या तोंडून मी ऐकलेलं हे पहिलं खरं वाक्य. लोक रडले नाहीत. मागच्या रांगेतले दोघे उठून गेले. अध्यक्षांनी मला कानात विचारलं, "मंगळसूत्र का गाळलं?"

सोमवारी दुपारी चाचा टांग्यातून रिकाम्या बाटल्या घेऊन आले. मी मशीन सोडून धावलो. भिकाशेठही गल्ल्यावरून उठले.

"काय झालं?"

"उतरू तर दे."

उतरले. पाणी मागितलं. प्याले. मग सांगायला लागले.

"साहब अन् त्याचा दोस्त व्हरांड्यात बसले. मी बाटली आनली. साहब बोलला, पिंप कुठं? मी बोललो, साहब, बिअर जिती रहावी म्हनून बाटलीत ठेवली. त्यानं गोळीची बाटली बघितली, भुवया अशा वर केल्या. मी अंगठ्यानं गोळी दाबली. आवाज आला. साहब हसला. पेला उजेडात धरला. घोट घेतला. मी श्वास बंद करून उभा."

"मग?"

"दुसरा घोट घेतला. माझ्याकडं बघितलं. बोलला, 'इस्माईल, व्हेरी गुड.' छत्तीस सालमध्ये तिसऱ्यांदा."

भिकाशेठनी माझ्या पाठीत अशी थाप मारली, की मी पुढे गेलो. "म्हणजे नोकरी राहिली!"

"नोकरी राहिली. खोली राहिली. बुढीनं कालपासून खोकून घेतलं, चार दिवसांचं."

"आणि तो पाहुणा? पुण्याचा? त्याला आवडली?"

चाचांनी टांग्याच्या चाकाला पाठ टेकली.

"त्यानं अर्धा पेला बिअर घेतली. मग मला बोलला, 'बॉय, लेमन सोडा है?' मी दिला. तुमच्याच कारखान्याचा. त्यानं तो बिअरमध्ये ओतला. अर्धा बिअर, अर्धा लेमन. बोलला, मी नेहमी असंच पितो. अन् चमच्यानं ढवळला."

"ढवळला?" मी ओरडलो.

"चमच्यानं. गोल गोल. सगळा फेस काढून टाकला, बोलला फेसानं मिशी भिजते. तीन पेले प्याला, तिन्ही तसेच."

भिकाशेठ म्हणाले, "लेमन सोडा आपला होता ना? मग बरं झालं."

घरी पिंपातली बिअर उरली, तर ती कशी ठेवावी हे आता मला माहीत आहे. ते चुकूनही कोणाच्या उपयोगी पडू नये अशी माझी इच्छा आहे, तरी विचारतील म्हणून सांगतो. गार ठेवा. हवा लागू देऊ नका. हलवू नका. बाटलीचं रबर कोरं घ्या. आणि सोडेवाल्याच्या हाती देणार असाल, तर त्याचे हात बांधून द्या.

धंद्यातला धडा मात्र वेगळा आहे. काम घेताना आम्ही विचारतो, काय भरायचं, किती भरायचं, कधी न्यायचं. शेवटी ते कोण पिणार आणि कसं पिणार, हे विचारत नाही. त्या सोमवारपासून मी तेही विचारतो. निम्म्या वेळा मग करण्यासारखं कामच उरत नाही.